खेळ, नोकरी आणि करार : व्यावसायिक स्त्री-खेळाडूच्या जीवनक्रमाचा ऐतिहासिक विचार

खेळाडूचे चरित्र हा इतिहासाच्या अभ्यासाचा विषय होऊ शकतो काय, अशी शंका आपल्या विद्यापीठीय वर्तुळात अधूनमधून व्यक्त केली जाते. शंकेचे मूळ उघड आहे. खेळाची वार्ता दुसऱ्या दिवशी जुनी होते, आणि जे इतक्या लवकर जुने होते त्याला इतिहासाचे मोल कसे यावे, असे वाटणे स्वाभाविक होय. परंतु खेळाडू, त्यातही स्त्री-खेळाडू, आपल्या खेळावर उपजीविका करू लागते तेव्हा प्रश्नाचे स्वरूप पालटते. वेतन, करार, दुखापतीच्या काळातील पोषण, निवृत्तीनंतरची तरतूद, कुटुंबाची संमती, मैदानाचा हक्क या साऱ्या गोष्टी त्या एका जीवनक्रमात गुंतलेल्या असतात, आणि त्या सामाजिक-आर्थिक इतिहासाच्या कक्षेत निःसंशय येतात. प्रस्तुत लेखात अशा जीवनक्रमाचा विचार दोन उदाहरणांच्या आधारे करावयाचा आहे. पहिले ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल या खेळातील, आणि दुसरे सांगलीच्या क्रिकेटपटू स्मृती मानधना यांचे. या विचारातून जळगाव व धुळे जिल्ह्यांतील संशोधकाला काय घेता येईल, हे अखेरीस पाहू.

आरंभी एक भेद स्पष्ट केला पाहिजे. खेळाबद्दल पैसा मिळणे आणि खेळावर उपजीविका होणे या भिन्न गोष्टी आहेत. बक्षीस, प्रवासभत्ता, सामन्यागणिक मिळणारी रक्कम ही पहिल्या प्रकारात मोडतात. दुसऱ्या प्रकारास वर्षभराची निश्चिती लागते. खेळ नसलेल्या महिन्यांत, आजारात आणि दुखापतीत जो पैसा थांबत नाही, त्यालाच वेतन म्हणावयाचे. ही कसोटी लावली म्हणजे ज्यांना आपण सहजपणे 'व्यावसायिक' म्हणतो त्यांपैकी अनेक खेळाडू त्या संज्ञेबाहेर पडतात.

१. ऑस्ट्रेलियातील उदाहरण

ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल हा खेळ आपल्याकडे फारसा परिचित नाही. चेंडू लंबगोल, मैदानही लंबगोल, आणि चेंडू पायाने मारण्याबरोबरच हातांनी झेलण्याची व मुठीने पुढे ढकलण्याची मुभा, ही त्याची ढोबळ लक्षणे होत. त्याचे पहिले लेखी नियम मेलबर्न येथे १८५९ साली सिद्ध झाले. ते करणाऱ्यांत टॉम विल्स हा नामांकित क्रिकेटपटू होता, आणि हिवाळ्यात क्रिकेटपटूंची शरीरे सतेज राहावीत हा त्यामागील एक हेतू होता. त्यामुळे हे दोन खेळ तेथे पहिल्यापासून एकाच मैदानावर, ऋतू वाटून घेऊन नांदत आले आहेत. आपल्या विषयाच्या दृष्टीने ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

स्त्रिया हा खेळ खेळत होत्या याचे पुरावे जुने आहेत. १९१५ साली, पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत, पर्थ शहरातील एका मोठ्या दुकानात काम करणाऱ्या मुलींनी संघ काढून सामने केले. १९८१ साली व्हिक्टोरिया राज्यात स्त्रियांची स्वतंत्र साखळी स्थापन झाली. असे असूनही पुरुषांच्या प्रमुख संघटनेने स्त्रियांची राष्ट्रीय साखळी सुरू केली ती २०१७ साली. ३ फेब्रुवारी २०१७ रोजी मेलबर्नच्या प्रिन्सेस पार्क मैदानावर कार्लटन व कॉलिंगवूड या संघांत पहिला सामना झाला. प्रेक्षकांची संख्या २४ हजारांच्या वर गेली, आणि जागा न उरल्याने मैदानाची दारे बंद करावी लागली. पर्थचे सामने आणि ही साखळी यांत १०२ वर्षांचे अंतर आहे. या अंतराचा दोष खेळणाऱ्यांच्या किंवा पाहणाऱ्यांच्या अभावावर टाकता येत नाही. खेळणाऱ्या होत्या, आणि दार उघडताच पाहणारेही आले. दार उघडण्याचा अधिकार ज्यांच्या हाती होता त्यांचा निर्णय मात्र उशिरा झाला.

या विलंबाचा व्यक्तीच्या आयुष्यावर काय परिणाम होतो ते एरिन फिलिप्स यांच्या जीवनक्रमात दिसते. त्यांचे वडील ग्रेग फिलिप्स हे पोर्ट अॅडलेडचे ख्यातनाम फुटबॉलपटू. मुलीनेही बालपणी मुलांच्या संघातून फुटबॉल खेळला, परंतु वयाच्या तेराव्या वर्षानंतर मुलींना पुढे वाट नव्हती. त्या बास्केटबॉलकडे वळल्या, अमेरिकेतील व्यावसायिक साखळीत खेळल्या, २०१६ च्या ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाच्या संघात होत्या. फुटबॉलची साखळी सुरू झाली तेव्हा त्यांचे वय ३१ होते, आणि पहिल्याच वर्षी त्या सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरल्या. २०१९ साली त्यांनी हा मान पुन्हा मिळविला. ज्या खेळात त्यांनी असा अधिकार गाजविला, त्या खेळापासून ऐन उमेदीची वर्षे त्यांना दूर राहावे लागले होते.

पहिल्या वर्षाचे आर्थिक आकडेही बोलके आहेत. प्रत्येक संघातील दोन प्रमुख खेळाडूंना २७ हजार ऑस्ट्रेलियन डॉलर, त्याखालील मोजक्या खेळाडूंना १२ हजार, आणि उरलेल्या बहुसंख्यांना ८,५०० डॉलर. एवढ्यावर ऑस्ट्रेलियात वर्षाचा संसार चालणे शक्य नव्हते. मेलबर्न संघाच्या कर्णधार डेझी पीअर्स या व्यवसायाने सुईण होत्या, आणि राष्ट्रीय साखळीत येण्यापूर्वीची सारी कारकीर्द त्यांनी नोकरी सांभाळून केली होती. वर उल्लेखिलेली कसोटी लावल्यास १९१७ च्या नव्हे तर २०१७ च्या या खेळाडूसुद्धा पूर्णार्थाने व्यावसायिक ठरत नाहीत. पुढे संघांची संख्या ८ वरून १८ वर गेली आणि २०२३ साली स्त्री व पुरुष खेळाडूंचा मिळून एकच सामुदायिक करार झाला. त्यात स्त्रियांसाठी वर्षभराच्या कराराची तरतूद आली. खरा पालट मानावयाचा तर तो या कराराचा.

२. महाराष्ट्रातील पूर्वपीठिका

आता आपल्याकडे वळू. भारतीय महिला क्रिकेट संघटनेची स्थापना १९७३ साली झाली आणि त्याच वर्षी पहिली आंतरराज्य स्पर्धा पुण्यात भरली. संघ अवघे तीन होते : मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. तीनांपैकी दोन संघ आपल्या राज्यातील होते, ही गोष्ट महाराष्ट्राच्या इतिहासकाराने विसरता कामा नये. १९७६ साली भारतीय स्त्रिया वेस्ट इंडीजविरुद्ध पहिली कसोटी मालिका खेळल्या आणि १९७८ साली विश्वचषक स्पर्धेत उतरल्या. त्या स्पर्धेत मुंबईच्या डायना एडल्जी यांनी भारताचे नेतृत्व केले.

एडल्जी यांच्या जीवनक्रमात आपणास दुसरी अवस्था दिसते. त्या पश्चिम रेल्वेच्या सेवेत होत्या. त्या काळात क्रिकेट संघटनेजवळ खेळाडूस देण्याजोगे वेतन नव्हते, परंतु रेल्वेजवळ पदे होती. खेळाडू म्हणून भरती व्हावयाचे, सरावासाठी व सामन्यांसाठी रजा घ्यावयाची, आणि खेळ संपल्यावर त्याच सेवेत पुढे राहावयाचे, असा हा मार्ग. क्रिकेटमध्ये रेल्वेचा स्त्री-संघ देशातील स्पर्धांत दीर्घकाळ अग्रभागी राहिला याचे कारण यातच शोधावे लागते. खेळाडूला सुरक्षितता जेथे मिळाली तेथे गुण एकवटला. हा मार्ग वरवर पाहता दुय्यम वाटतो, कारण येथे खेळाडूला वेतन मिळते ते लिपिकाचे किंवा तिकीट-तपासनीसाचे. तथापि कायमपणा, वैद्यकीय सोय आणि निवृत्तिवेतन या तीन बाबतींत तो पुढील काळातील झगझगीत करारांपेक्षा भक्कम होता, हे मान्य करावे लागेल.

२००६ साली महिला क्रिकेटचा कारभार भारतीय क्रिकेट नियामक मंडळाकडे गेला. यानंतर स्थिती तत्काळ सुधारली अशी समजूत आढळते. ती बरोबर नाही. २००६ नंतर भारतीय स्त्रियांना पुढील कसोटी सामना खेळावयास मिळाला तो २०१४ च्या ऑगस्टमध्ये, इंग्लंडमधील वर्म्सली येथे. मंडळाने स्त्रियांना वार्षिक करार देण्यास प्रारंभ केला २०१५ साली, आणि त्यांतील वरच्या श्रेणीची रक्कम १५ लाख रुपये, खालच्या श्रेणीची १० लाख रुपये होती. म्हणजे संस्थांचे विलीनीकरण आणि खेळाडूची उपजीविका यांमध्ये नऊ वर्षे गेली.

३. सांगलीचे उदाहरण

वर्म्सलीच्या त्या सामन्यात प्रथमच कसोटी खेळणाऱ्यांत स्मृती मानधना होत्या. दुसऱ्या डावात त्यांनी ५१ धावा केल्या आणि भारताने सामना जिंकला. त्यांचा जन्म १८ जुलै १९९६ रोजी मुंबईत झाला. कुटुंब सांगलीजवळील माधवनगर येथे स्थायिक झाले तेव्हा त्या दोन वर्षांच्या होत्या. थोरले बंधू महाराष्ट्राच्या सोळा वर्षांखालील संघाकडून खेळत. त्यांचे पाहून धाकटी बहीण मैदानात उतरली, आणि नवव्या वर्षी राज्याच्या पंधरा वर्षांखालील संघात तिची निवड झाली. अकराव्या वर्षी ती एकोणीस वर्षांखालील संघात होती. एप्रिल २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय पदार्पण झाले, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात बडोदे येथे गुजरातविरुद्ध एकोणीस वर्षांखालील एकदिवसीय सामन्यात त्यांनी नाबाद २२४ धावा केल्या. एकदिवसीय सामन्यात द्विशतक करणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री होत.

यानंतरचा जीवनक्रम ऑस्ट्रेलियाशी निगडित आहे. २०१६ च्या फेब्रुवारीत होबार्ट येथे त्यांनी पहिले आंतरराष्ट्रीय एकदिवसीय शतक केले. त्याच वर्षी नियामक मंडळाने स्त्री-खेळाडूंना परदेशी साखळ्यांत खेळण्याची अनुमती दिली, आणि हरमनप्रीत कौर व स्मृती मानधना या ऑस्ट्रेलियाच्या महिला बिग बॅश स्पर्धेत करारबद्ध झालेल्या पहिल्या भारतीय खेळाडू ठरल्या. मानधना ब्रिस्बेनच्या संघात होत्या. पुढे होबार्ट, सिडनी आणि अॅडलेड येथील संघांकडूनही त्या खेळल्या. भारतात स्त्रियांची अशी साखळी निघण्यापूर्वी सहा वर्षे एका मराठी मुलुखातील खेळाडूची व्यावसायिक उमेदवारी परदेशात सुरू झाली होती, असा याचा अर्थ होतो.

या उमेदवारीचे मोलही द्यावे लागले. जानेवारी २०१७ मध्ये त्या स्पर्धेत खेळतानाच त्यांच्या गुडघ्यास गंभीर दुखापत झाली. विश्वचषकाच्या पात्रता स्पर्धेस त्या मुकल्या. जूनमध्ये इंग्लंडमधील मुख्य स्पर्धेत त्या परतल्या, आणि पहिल्या सामन्यात इंग्लंडविरुद्ध ९०, दुसऱ्यात वेस्ट इंडीजविरुद्ध नाबाद १०६ धावा त्यांनी केल्या. त्या पाच महिन्यांचे महत्त्व या धावांत नाही. दुखापतीतही खेळाडूचा करार अबाधित राहतो, उपचार व पुनर्वसन यांची व्यवस्था असते, आणि त्यामुळे ती परत येऊ शकते, हे व्यावसायिकतेचे खरे लक्षण येथे प्रत्यक्षात उतरलेले दिसते. हीच दुखापत दोन तपांपूर्वी झाली असती तर उपचाराचा भार बहुधा कुटुंबावरच पडला असता.

२०२१ मध्ये क्वीन्सलंडमधील करारा येथील मैदानावर प्रकाशझोतातील कसोटीत त्यांनी १२७ धावा केल्या. ऑस्ट्रेलियात कसोटी शतक करणारी ही पहिली भारतीय स्त्री. करारा हे एरवी गोल्ड कोस्टच्या ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल संघाचे मैदान आहे. उलट दिशेचे उदाहरणही आहे. १७ फेब्रुवारी २०१३ रोजी मुंबईच्या ब्रेबोर्न स्टेडियमवर महिला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाच्या जेस कॅमेरॉन यांनी ७५ धावा केल्या. त्याच जेस, विवाहानंतरच्या डफिन, चार वर्षांनी फुटबॉलच्या पहिल्या राष्ट्रीय साखळीत कॉलिंगवूड संघाकडून उतरल्या. दोन्ही खेळांतील स्त्रियांची व्यावसायिक वाट एकाच काळात, एकाच प्रकारच्या संघटनांनी आणि अनेकदा त्याच मैदानांवर आखली, हे यावरून दिसून येते.

भारतातील निर्णायक पाऊल पुढे पडले. २७ ऑक्टोबर २०२२ रोजी मंडळाने स्त्री व पुरुष यांचे सामन्याचे मानधन समान केले : कसोटीस १५ लाख, एकदिवसीय सामन्यास ६ लाख, वीस षटकांच्या सामन्यास ३ लाख रुपये. १३ फेब्रुवारी २०२३ रोजी मुंबईत महिला प्रीमियर लीगचा पहिला लिलाव झाला, आणि बंगळूरच्या संघाने मानधना यांच्यासाठी ३ कोटी ४० लाख रुपयांची बोली लावली. त्या लिलावातील ही सर्वांत मोठी रक्कम होय. त्यांच्या नेतृत्वाखाली त्या संघाने २०२४ साली स्पर्धा जिंकली. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारताने दक्षिण आफ्रिकेचा ५२ धावांनी पराभव करून प्रथमच महिला विश्वचषक मिळविला, तेव्हा त्या उपकर्णधार होत्या.

४. दोन आक्षेप

पुण्यातील तीन संघांची स्पर्धा आणि मुंबईतील लिलाव यांत बरोबर पन्नास वर्षांचे अंतर आहे. या अंतराची मांडणी हौस, नोकरी आणि करार अशा तीन अवस्थांत करता येते. परंतु एका यशस्वी जीवनक्रमावरून सार्वत्रिक प्रगतीचे अनुमान काढणे कितपत योग्य, हा पहिला आक्षेप. तो रास्त आहे. त्या लिलावाच्या यादीत ४०९ खेळाडू होत्या आणि निवड झाली ८७ जणींची, म्हणजे सुमारे पाचांत एकीची. यादीत नाव येण्यापूर्वीच ज्या गळाल्या त्यांची तर गणनाच नाही. समान मानधनाचेही तसेच. सामन्यामागील रक्कम समान झाली, परंतु २०२२-२३ च्या वार्षिक करारांत पुरुषांची सर्वोच्च श्रेणी ७ कोटींची आणि स्त्रियांची ५० लाखांची होती. चौदा पटींचा हा भेद त्याच वर्षातील आहे. शिवाय सामन्यांची संख्याच कमी असेल तर सामन्यामागील समता वर्षअखेरीस समता राहत नाही.

दुसरा आक्षेप याहून मूलगामी आहे. करार ही नोकरीपेक्षा वरची अवस्था होय, असे आपण गृहीत धरतो. तसे मानण्यास कितपत आधार आहे? नोकरी खेळ संपल्यावरही टिकते. करार शरीराच्या क्षमतेबरोबर संपतो. सर्वोच्च पाच-पंचवीस खेळाडूंना कराराने जे दिले ते नोकरीला कधीच देता आले नसते, परंतु जिल्हा आणि राज्य पातळीवरील खेळाडूस आजही नोकरीचाच आधार वाटतो. महाराष्ट्र शासनाच्या सेवेत खेळाडूंसाठी असलेले ५ टक्के आरक्षण हे याचेच द्योतक आहे. म्हणून या तीन अवस्था एकामागून एक येणाऱ्या न मानता एकाच काळी, निरनिराळ्या थरांत, शेजारी शेजारी नांदणाऱ्या मानणे अधिक सयुक्तिक होईल.

५. खानदेशच्या दृष्टीने

हे निरीक्षण मान्य केले म्हणजे खानदेशातील अभ्यासकाचे काम स्पष्ट होते. आपल्या प्रदेशातील पहिल्या अवस्थेचे एक ठळक उदाहरण सर्वविदित आहे. जळगाव जिल्ह्यातील नाडगाव येथे १९३४ साली जन्मलेल्या प्रतिभाताई पाटील जळगावच्या मूळजी जेठा महाविद्यालयात शिकत असताना टेबल टेनिसमधील नामांकित खेळाडू होत्या आणि आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांत त्यांनी विजय मिळविले होते. १९६२ साली त्या विधानसभेवर निवडून आल्या आणि २००७ साली राष्ट्रपती झाल्या. राष्ट्रपती या नात्याने अर्जुन पुरस्कार त्यांच्या हस्ते दिले गेले. त्यांच्या चरित्रात खेळाचा उल्लेख एका वाक्याचा असतो, आणि त्या काळाच्या दृष्टीने तो स्वाभाविकही आहे. महाविद्यालय सुटले की मुलीचा खेळ सुटावयाचा, ही रीत होती. कायदा, राजकारण, अध्यापन यांत तिला पुढे वाट होती, खेळात नव्हती. एवढ्या कर्तबगार स्त्रीच्या बाबतीतही खेळ हा विद्यार्थिदशेचा अलंकारच राहिला, यातून त्या अवस्थेची मर्यादा कोणत्याही आकडेवारीपेक्षा स्पष्ट होते.

दुसऱ्या अवस्थेच्या अभ्यासास भुसावळसारखे ठिकाण क्वचितच सापडेल. मध्य रेल्वेच्या विभागाचे ते मुख्यालय आहे, आणि रेल्वेच्या सेवेतून खेळाडू कसे घडले हे पाहावयाचे तर तेथील सेवापुस्तके, क्रीडा-मंडळांची इतिवृत्ते आणि निवृत्त कर्मचाऱ्यांच्या आठवणी ही साधने होत. शाळांतील बक्षीस-समारंभांच्या नोंदवह्या, महाविद्यालयांची वार्षिके, जिल्हा स्पर्धांचे गुणतक्ते, सवलतीच्या गुणांसाठी सादर झालेली प्रमाणपत्रे, खो-खो आणि कबड्डीच्या संघांची छायाचित्रे हीही तितकीच मोलाची. यांतील पुष्कळशी कागदपत्रे जपण्याची पद्धत नाही. नवीन मुख्याध्यापक आले, कपाटे बदलली, की वह्या रद्दीत जातात. त्यांतून जी नावे नाहीशी होतात ती बहुधा मुलींची असतात, कारण विवाहानंतर आडनाव व गाव दोन्ही बदलल्याने त्यांचा माग पुन्हा लागत नाही. १९७८ साली शिरपूर किंवा चोपड्याच्या शाळेतून खेळलेली मुलगी आज कोणत्या नावाने, कोणत्या गावी आहे, हे सांगणारा कागद तोच एक असतो.

इतिहासाचार्य राजवाड्यांनी दारोदार हिंडून दफ्तरे मिळविली, आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ १९२७ पासून धुळ्यातच आहे. त्यांच्या काळी सनदा व बखरी जितक्या तत्परतेने वाचवावयास हव्या होत्या, तितक्याच तत्परतेने या साध्या वह्या आज वाचविल्या पाहिजेत. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी एकेक तालुका वाटून घ्यावा. प्रथम शाळांच्या नोंदी उतराव्यात, मग त्यांतील खेळाडूंचा शोध घेऊन त्यांनी खेळ केव्हा व का सोडला एवढा एकच प्रश्न सर्वांना समान रीतीने विचारावा. विवाह, घरची गरज, दुखापत, मैदानाचा अभाव, नोकरी न मिळणे, यांपैकी कोणते कारण कोणत्या दशकात अधिक आढळते याचा तक्ता सिद्ध झाला, तर सांगलीचा जीवनक्रम अपवाद कशामुळे ठरला याचे उत्तर अनुमानाऐवजी पुराव्याने देता येईल. ज्या स्त्रिया १९७० च्या सुमारास खेळल्या त्या आता सत्तरीच्या घरात आहेत. त्यांच्या साक्षी नोंदविण्याचे काम पुढील शैक्षणिक वर्षावर न टाकता याच वर्षी हाती घ्यावे, अशी सूचना करून हा लेख पुरा करतो.